बियाण्याचा कोंबडा

(जिल्हा बैठकीत दुपारच्या सत्रात झालेल्या भाषणावरून)



सकाळच्या सत्रात कापसाच्या भावावर बोलून झाले, पीकविम्यावर झाले, शेवटी विजेवरही झाले. जेवणानंतर आम्ही कोंबड्यांवर बोलणार असे जाहीर झाले तेव्हा मागच्या रांगांतून हसू उमटले. ते आम्ही ऐकले. पण मांडवाच्या या बाजूला बसलेल्या मायबहिणींपैकी एकही हसली नाही, तेही आम्ही पाहिले.

त्याचे कारण उघड आहे. कापसाचा पैसा वर्षातून एकदा येतो. तो घरधन्याच्या हातात येतो, आणि हातात पडण्याआधीच कृषी केंद्रवाला, सोसायटी, सावकार यांच्या नावाने वाटला गेलेला असतो. मग पोराची वही, एसटीचे तिकीट, म्हातारीच्या गोळ्या, पाहुणा आला तर साखर-पत्ती हे कशातून भागते? अंगणात फिरणाऱ्या आठ-दहा कोंबड्यांतून. हा पैसा सातबाऱ्यावर चढत नाही, बँकेच्या वसुलीत सापडत नाही, आणि त्यासाठी बाईला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. पावसाने ताण दिला, पऱ्हाटी सुकली, ज्वारी पोटरीतच राहिली, त्या वर्षी कितीतरी घरांची चूल या कोंबड्यांनी पेटती ठेवली आहे. तेव्हा हा विषय हसण्याचा नाही.

प्रश्न अगदी साधा घेऊ. आठ-दहा कोंबड्या असलेल्या घरी कोंबडे किती ठेवायचे? गावोगाव विचारले की एकच उत्तर मिळते : एक. दुसरा कशाला? दोन झाले की भांडतात, दाणे खातात, आणि विकला तर रोख पैसे होतात. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. तरीही आमचे म्हणणे असे की, एकाच कोंबड्यावर चालणारे घर तोट्यात असते, आणि अशा घरांचे गाव धोक्यात असते. ते कसे, हे सांगताना सुरुवात आमच्या स्वतःच्या चुकीपासून करतो.

आमचा पांढरा कोंबडा

२००३ साल. आम्ही कृषीची पदवी घेऊन नुकतेच बाहेर पडलो होतो. एका योजनेत काम मिळाले. योजनेचे नाव घेत नाही. ती कधीच बंद पडली आणि आमच्यासारखेच तिच्यातले सारे लोक प्रामाणिक होते. गावठी कोंबड्यांची जात सुधारायची, असा तो कार्यक्रम होता. घरटी एक सुधारित जातीचा नर द्यायचा. अट एवढीच की, घरचे गावठी कोंबडे काढून टाकायचे. गावठी नर मागे राहिला तर सुधारित रक्त खाली उतरणार नाही, असे आम्ही शिकून आलो होतो. पुस्तकाच्या हिशेबाने ते चूकही नव्हते.

बाया ऐकेनात. आम्ही दारोदार गेलो, आकडे सांगितले, चित्रे दाखवली. आखाडीचा बाजार तोंडावर होता, गावठी कोंबड्याला भाव चढा होता. पंधरा दिवसांत गावातले झाडून सारे कोंबडे विकले गेले. हातात रोकड आली, लोक खूश झाले, वरून आमचीही पाठ थोपटली गेली.

नवे कोंबडे पांढरेशुभ्र होते, अंगाने जाड होते, पण पिंजऱ्यात वाढलेले. घार आली की झुडपात शिरायचे असते, हे त्यांना कोणी शिकवलेले नव्हते. काही मुंगसाने नेले, काही कुत्र्यांनी. उरले त्यांनी वैशाखात ४४-४५ अंशांच्या उन्हात चोच वासून प्राण सोडले. मृग निघाला तेव्हा गावात एकदोन सोडले तर नरच नव्हता.

कोंबड्या अंडी घालतच होत्या. अंडे घालायला कोंबडा लागत नाही, तो लागतो पिलासाठी. पावसाळ्याच्या तोंडाशी कोंबड्या खुडूक झाल्या, बायांनी त्यांना रवणावर बसवले. एकवीस दिवस झाले, पंचवीस झाले, एक पिलू निघेना. अंडी सडली, फुटली, घाण सुटली. आम्ही पाहणीला गेलो तेव्हा एका म्हातारीने आम्हाला ओसरीवर बसवले, पाणी दिले आणि म्हणाली, "सायब, तुमचा कोंबडा मेला, त्याचं जाऊ द्या. पन आमचा जो तुमी इकायले लावला, तो कोनाच्या पोटात गेला तेवढं सांगा."

त्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. शेजारच्या गावांतून कोंबडे आणून ते गाव पुन्हा पिलांना लागायला दीड वर्ष गेले. त्या दीड वर्षात कोणाच्या वह्या अडल्या, कोणाच्या गोळ्या अडल्या, याचा हिशेब कोणत्याही अहवालात आला नाही.

एकाचा हिशेब

तो सगळा घोळ सरकारी अटीमुळे झाला, आमच्या घरी तसे काही नाही, असे कोणी म्हणेल. पण ज्या घरात एकच कोंबडा आहे तिथे ही अवस्था येणे फक्त एका मुंगसाचे काम आहे.

कोंबडीच्या पोटात नराचे बीज दहा-बारा दिवस, कधी दोन आठवड्यांपर्यंत टिकते. म्हणजे आज कोंबडा गेला तर साधारण दोन आठवड्यांनंतरची अंडी पिलाच्या कामाची नाहीत. बाजारातून दुसरा आणेपर्यंत, तो रुळेपर्यंत एक रवण हातचे गेलेच. गावठी कोंबडी वर्षात तीन-चार वेळा अंड्यावर येते, पण पिले हाताशी लागतात ती मुख्यतः दिवाळीपासून शिमग्यापर्यंत बसवलेल्या रवणाची. पावसाळ्यातली ओलीने आणि रोगाने जातात, उन्हाळ्यातली उन्हाने. चांगले रवण वर्षात एक, फार तर दोन. त्यातले एक बुडाले तर काय उरले?

मेलेला कोंबडा निदान दिसतो तरी. जिवंत आहे, तुरा लाल आहे, पहाटे आरवतो आहे, पण बीज कमजोर आहे असा कोंबडा दिसत नाही. कडक उन्हाळ्यात नराचे बीज कमजोर पडते, वय झाले की पडते, पाय दुखावला तर त्याला कोंबडीवर चढता येत नाही. एकच कोंबडा असेल तर याचा पत्ता एकविसाव्या दिवशी लागतो.

म्हणून आम्ही बायांना एक सवय लावून घ्यायला सांगतो. रवणावर बसवल्यापासून सातव्या रात्री अंधारात एकेक अंडे हळूच काढायचे आणि खालून बॅटरीचा उजेड लावून पाहायचे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडे फळलेले आहे. काही न दिसता सगळे स्वच्छ उजळले तर ते फळलेले नाही. बारातली एकदोन अशी निघाली तर चालायचेच. पाच-सहा निघाली तर दोष बहुधा कोंबड्याचा, कोंबडीचा नव्हे. आपल्याकडे मात्र पिले निघाली नाहीत की कोंबडीला नावे ठेवतात आणि तिला बाजार दाखवतात. आता आणखी काय बोलावे? माणसांत जे चालते तेच खुराड्यातही चालते.

शिरा दिसल्या, पण पुढे पिलू आतच मेले, किंवा निघाले ते लुळे, अशक्त, तर दुसरी शंका घ्यायची. अंडी जुनी होती का? उन्हाळ्यात तीन-चार दिवसांपेक्षा आणि थंडीत आठवड्यापेक्षा जुने अंडे बसवू नये. कोंबडी रवणावरून वारंवार उठत होती का? हे दोन्ही नसेल तर नाते तपासा. कोंबडा त्या कोंबड्यांचा बाप आहे का? भाऊ आहे का?

आंगणातले नातेसंबंध

या मुद्द्यावर थोडे थांबू, कारण खरे नुकसान इथे होते आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

अमेरिकेतील आनुवंशशास्त्रज्ञ स्यूअल राइट यांनी १९३१ साली एक सूत्र मांडले. कॉलेजात आम्ही ते परीक्षेपुरते पाठ केले होते. कळपात नर किती, माद्या किती यावरून वंशाच्या दृष्टीने तो कळप खरोखर केवढा आहे हे त्यातून काढता येते. नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या गुणिले चार, आणि त्याला नर-माद्यांच्या बेरजेने भागायचे. एक कोंबडा आणि दहा कोंबड्या घ्या. चाळीस भागिले अकरा, म्हणजे साडेतीनच्या थोडे वर. दिसायला अकरा जीव आहेत, पण वंशाच्या हिशेबी चारसुद्धा नाहीत. बरे, कोंबड्या वाढवून पाहू. एक कोंबडा आणि वीस कोंबड्या : ३.८. एक कोंबडा आणि शंभर कोंबड्या : ३.९६. कोंबड्या कितीही वाढवा, कोंबडा एक असेल तोवर आकडा चारच्या पुढे सरकत नाही. आता त्याच दहा कोंबड्यांत दुसरा कोंबडा सोडा. आकडा ६.७ वर जातो. नव्वद कोंबड्या वाढवून जे होत नाही ते एका कोंबड्याने होते.

याचा अर्थ व्यवहारात असा. एका कोंबड्याच्या कळपात दर पिढीला जवळच्या रक्ताचा दोष सुमारे १४ टक्क्यांनी वाढतो. दोन असतील तर साडेसात टक्क्यांनी. कोंबड्यांची पिढी म्हणजे वर्ष-सव्वा वर्ष. बाप लेकीवर आला, भाऊ बहिणीवर आला, तर तिथे एकदम पंचवीस टक्के. दोन-तीन वर्षांत अंडी कमी फळतात, पिले किरकोळ निघतात, रोगाला लवकर बळी पडतात. बाई म्हणते, "आजकाल कोंबड्यांत दम राहिला नाही." दम कुठेही गेलेला नाही. आपण तो एका नराच्या गळ्यात बांधून ठेवला आहे.

माणसांत सोयरीक जुळवताना सात पिढ्यांची चौकशी करणारी माणसे आपण. गाईला वळू दाखवायचा तर गावचा सोडून लांबच्या गावचा पाहतो. कोंबड्याच्या बाबतीत मात्र डोळे मिटतो, कारण तो लहान आहे आणि बाईमाणसाच्या खात्यातला आहे.

कणीस राखतो, कोंबडा विकतो

तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. खळ्यावर ज्वारीच्या कणसांचा ढीग पडला की मळणी सुरू व्हायच्या आधी घरातली म्हातारी ढिगाभोवती फिरायची. गच्च, टपोरी, कीड न लागलेली कणसे वेचून बाजूला काढायची आणि आढ्याला टांगायची. धूर लागून ती काळी पडायची, पण पुढच्या पेरणीपर्यंत त्यांना हात लावायची कोणाची टाप नव्हती. उपासमार झाली तरी बियाणे खायचे नाही. मालदांडी ३५-१ ही आजही रब्बीत पेरली जाणारी ज्वारी अशाच शेतकऱ्यांच्या वाणातून मोहोळच्या केंद्रात निवडून काढलेली आहे. १९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली, १९७० साली एच-४ हा संकरित कापूस आला, २००२ साली बीटीला परवानगी मिळाली, आणि बियाणे घरी राखायची रीत संपत गेली. त्यातले बरेवाईट हा आजचा विषय नाही.

पण कोंबडीचे बियाणे अजून आपल्या अंगणात आहे. त्याचे आपण काय करतो? एका रवणातून समजा आठ पिले वाढली. निम्मे नर, म्हणजे चार. त्यातला जो सर्वांत झपाट्याने वाढतो, अंगाने भरतो, तो आखाडीला पहिला जातो, कारण त्याला गिऱ्हाईक आधी मिळते. दुसरा नवसाला जातो. देवीला लंगडा-लुळा चालत नाही, तुऱ्याचा, रंगाचा लागतो. तिसरा पोळ्याच्या करीला जावई आला की जातो. मागे राहतो चौथा. वजनात बसला नाही, बाजारात कोणी विचारला नाही, नवसाला नको, पाहुण्याला अपुरा. तोच मग पुढच्या साऱ्या पिलांचा बाप होतो. ज्वारीची उत्तम कणसे विकून पोचट कणीस आढ्याला टांगणाऱ्याला तुम्ही काय म्हणाल?

आमच्या मते दुसरा कोंबडा ठेवण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे. दोन ठेवायचे ठरवले की निवड करावी लागते. कोणाला राखायचे याचा विचार बाजार उठण्याआधी होतो.

निवड कशी करायची? पिलू दोन-अडीच महिन्यांचे झाले की पहिली नजर टाका आणि जोमदार दोन-तीन नरांच्या पायात रंगीत दोरा बांधून ठेवा. दोरा बांधलेला विकायचा नाही, हे घरात सर्वांना सांगा. घरधन्याला विशेष करून सांगा. पाच-सहा महिन्यांनी शेवटची निवड. पाय सरळ, छाती भरलेली, डोळा तेज. घारीची सावली पडली की ओरडून कळपाला सावध करतो का? दाणा दिसला की स्वतः गिळायच्या आधी कोंबड्यांना हाक मारतो का? हेही पाहा. आणि त्याच्या आईकडे पाहा. कोंबडा अंडी घालत नाही, पण जास्त अंडी घालण्याचा, रवणावर घट्ट बसण्याचा, पिले सांभाळण्याचा गुण तो आईकडून घेऊन लेकींना देतो. गावातल्या ज्या कोंबडीची सर्वांत जास्त पिले जगतात तिचा मुलगा हाच बियाण्याचा कोंबडा.

वनराजा, गिरिराजा या जातींबद्दल लोक हमखास विचारतात. मांसाला आणि अंड्याला त्या बऱ्या आहेत, ज्याला परवडते त्याने पाळाव्यात. पण त्यांच्या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत, आणि त्यांच्या पुढच्या पिढीत मूळ गुण तसेच्या तसे उतरत नाहीत. संकरित बियाण्याचा अनुभव तुम्हाला आहेच. पाळायच्या तर जोडीला पाळा. घरचा गावठी कोंबडा काढून त्याच्या जागी आणू नका. ही चूक आमची करून झाली आहे.

भांडणाचे काय?

दोन कोंबडे भांडतात. भांडणारच. कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला टोचायचे याची उतरंड ठरलेली असते, हे नॉर्वेच्या श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२१ साली लिहून ठेवले. ते लहानपणापासून कोंबड्या पाहत आले होते. उतरंड एकदा ठरली की भांडण थांबते; ती ठरेपर्यंतच पिसे उडतात. जपानमध्ये २०१५ साली शास्त्रज्ञांनी पाहिले की पहाटे पहिली बांग वरच्या क्रमांकाचा कोंबडा देतो, बाकीचे आपापल्या पायरीप्रमाणे मागून आरवतात. आमच्या संघटनांच्या व्यासपीठापेक्षा शिस्त बरी म्हणायची.

हे भांडण कमी करता येते. एकाच कोंबडीखाली वाढलेले दोन भाऊ एकमेकांना बरे सोसतात. पण दोघे भाऊच असले तर रक्ताचा प्रश्न अर्धाच सुटतो. म्हणून आमचा सल्ला असा : दोन वेगवेगळ्या आयांची पिले लहानपणीच एकत्र वाढवा, त्यांतले एकेक राखा. बाहेरून मोठा कोंबडा आणलाच तर एकदम मध्ये सोडू नका. आठवडाभर डालग्याखाली किंवा जाळीपलीकडे ठेवा, एकमेकांना पाहू द्या, मग रात्री खुराड्यात सोडा. दाणा-पाणी दोन ठिकाणी ठेवा. अंगणात एखादे तुराट्यांचे कूड, काटक्यांचा ढीग असू द्या, म्हणजे हरलेल्याला आडोसा मिळतो. असील जातीचे रक्त असेल तर मात्र हे जमणार नाही. ते मरेपर्यंत लढतात, त्यांना वेगळेच ठेवावे लागते. आणि कोणी हौसेने झुंजी लावत असेल तर १९६०च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्याने तो गुन्हा आहे, हे ध्यानात असू द्या.

दोन ठेवले तरी पुष्कळदा वरचढच सगळ्या कोंबड्या राखतो आणि दुसरा नुसता आरवत फिरतो. इतकेच काय, हलक्या पायरीच्या कोंबड्याचे बीज कोंबडी स्वतःच बाहेर टाकते, असेही दिसून आले आहे. मग राइटसाहेबांचा ६.७ चा आकडा कागदावरच राहतो. यावर उपाय सोपा आहे. पाळी लावा. एक आठवडा हा मोकळा आणि तो डालग्याखाली, पुढच्या आठवड्यात उलट. डालग्याखालच्याला दाणा-पाणी आणि सावली द्या. पिले ठरावीक कोंबड्याचीच हवी असतील तर तो एकटा सोडल्यावर तीन आठवड्यांनंतरची अंडी बसवा, तोवर आधीच्याचे बीज संपते.

कोंबड्या किती आहेत यावर सगळे अवलंबून आहे. आठ ते दहा कोंबड्यांमागे एक नर हे पुस्तकातले प्रमाण अंडी फळण्यापुरते ठीक आहे. वीस कोंबड्यांना दोन नर निर्धास्त मोकळे सोडा. दहा-बारा असतील तर दोन ठेवा, पण पाळीने सोडा. चार-पाचच असतील तर दोन मोकळे सोडूच नका. एकाच कोंबडीवर दोघे चढू लागले की तिची पाठ उघडी पडते, मानेची पिसे जातात, नखांनी जखमा होतात आणि ती अंडी टाकायचे बंद करते. पाठ उघडी दिसली की समजा, नर जास्त झाले. चार-पाच कोंबड्यांच्या घरांनी आळी मिळून विचार करावा. तशाही तुमच्या कोंबड्या शेजारच्या उकिरड्यावर चरतात. कोणाच्या कोंबड्याची पिले तुमच्या घरी निघतात हे तुम्हाला तरी कुठे ठाऊक असते? तिघी शेजारणींनी मिळून दोन कोंबडे राखले तर कोणालाच जड नाही. गावासाठी वळू सोडायची रीत आपल्याकडे होतीच.

दाण्याचा हिशेब

दुसरा कोंबडा खातो किती? चरून त्याचे निम्म्याहून अधिक पोट भरते. वरून रोज ३५ ग्रॅम ज्वारी धरा. वर्षाला पावणेतेरा किलो, तेरा धरू. २०२४-२५च्या हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३३७१ रुपये होता; तो तुमच्यापैकी किती जणांना मिळाला हा वेगळा विषय. त्या भावाने तेरा किलोचे ४३८ रुपये झाले. आता समजा दहा कोंबड्या वर्षात दोनदा बसवल्या, बारा-बारा अंड्यांवर. दोनशेचाळीस अंडी. कोंबडा कमजोर निघाला आणि शंभरात नुसती दहा अंडी कमी फळली, तर चोवीस पिले गेली. त्यातली निम्मीच वाढली असती आणि नगाला ३०० रुपयेच आले असते असे धरले तरी ३६०० रुपये होतात. शिवाय दुसरा कोंबडा कुठे पळून जात नाही. दोन वर्षांनी त्याच्या जागी नवा आला की त्याचेही पैसे होतातच.

कापूसवाल्यांना दाण्याबाबत एक ताकीद. घरात सरकी पडलेली असते म्हणून ती किंवा तिची पेंड बियाण्याच्या कोंबड्याला घालू नका. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. त्याने अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो आणि नर जनावराच्या बीजावर वाईट परिणाम होतो. पेरणीच्या दिवसांत औषध लावलेले बियाणे अंगणात सांडू देऊ नका, रिकामी पाकिटे उकिरड्यावर टाकू नका. पावसात भिजून काळी पडलेली ज्वारी बाजारात जात नाही म्हणून कोंबड्यांना घालतात. बुरशी चढलेली असेल तर तीही नको.

गावागावांत अदलाबदल

घरी दोन ठेवले तरी चार-पाच वर्षांत सारे गाव एका रक्ताचे होते. त्यावर एकच उपाय : दुसऱ्या गावचा कोंबडा. विकत घ्यायची गरज नाही, कोंबड्याला कोंबडा बदलून घ्यायचा. आठ-दहा कोस लांबचे गाव निवडावे. पोळा झाला की बदल करा, दसऱ्यापर्यंत तो रुळतो आणि दिवाळीच्या रवणाला त्याचे बीज लागते.

यात धोका आहे तो रोगाचा. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, एका आजारी कोंबड्याबरोबर सबंध गावात शिरते. २००६च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला बर्ड फ्लू निघाला आणि फार्मवरच्याच नव्हे, घराघरांतल्याही कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१च्या जानेवारीत परभणीजवळच्या मुरुंब्यात तेच झाले. अशा वेळी गावाचे सगळे बियाणे एका दिवसात जाते. तुमच्या कोंबड्याची मुले लांबच्या चार गावांत असतील तर बंदी उठल्यावर परत आणायला काहीतरी असते. म्हणून अदलाबदल हवीच, पण बेताने हवी. आणलेला कोंबडा दोन आठवडे कळपापासून लांब, वेगळ्या दाण्यापाण्यावर ठेवा. मान वाकडी, हिरवी हगवण, घरघर, सुस्ती यांतले काही दिसले तर कळपात सोडू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. गावात मर चालू असेल तर देणे-घेणे पूर्ण बंद. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटाची आणि दोन महिन्यांच्या सुमारास आर-टू-बीची लस द्या. लसीची एक कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांची असते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. त्यामुळे हे काम एकट्या घराचे नाही, साऱ्या आळीने एकाच सकाळी करायचे आहे.

पुढच्या बैठकीला येताना कोणी कोंबडे आणू नका. जिल्हाभरचे पक्षी एका मांडवात जमवणे म्हणजे रोगाला आवतण. नुसती चिठ्ठी आणा. गावाचे नाव, किती घरी कोंबड्या आहेत, सगळ्या गावात मिळून नर किती आहेत आणि ते शेवटचे बाहेरून कधी आणले, एवढे लिहा. मोजणी बायांनी करावी, पुरुषांचा आकडा चुकतो. त्या चिठ्ठ्यांवरून कोणत्या गावाने कोणत्या गावाशी बदल करायचा ते तिथेच बसून ठरवू. न्यायला जाल तेव्हा मात्र पाय बांधून, डोके खाली लोंबकळवून, सायकलच्या दांडीला अडकवून आणू नका. डालग्यात बसवून, वर ओले गोणपाट टाकून, सकाळच्या गारव्यात आणा.